खाऱ्या पाण्याच्या टाकीतला नाइट लाइट: मासे बिथरतात, शेवाळ हटत नाही, टायमर पुन्हा चुकतो

तक्रारीचं स्वरूप बहुतेक वेळा ठरलेलं असतं. मूनलाइट, म्हणजे टाकीचा मेन लाइट विझल्यावर लावायचा मंद, बहुधा निळा नाइट लाइट, बसवून दोन-तीन महिने होतात. पुढच्या काचेवर दर दोन दिवसांनी तपकिरी थर धरायला लागतो, झोआ (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातलग) रात्री एक वाजता अर्धवट उघडे दिसतात, एखाद्या सकाळी टाकीबाहेर उडी मारलेला फायरफिश मासा फरशीवर वाळून पडलेला सापडतो. टायमर नीट लावला की पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग पाण्याच्या चाचण्या होतात, फॉस्फेट रिमूव्हर बदलला जातो, मोठ्या स्किमरच्या (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राच्या) किमती बघून होतात. एवढा खर्च करण्याआधी एकच गोष्ट तपासा: टाकीत खरोखर पूर्ण अंधार होतो का, आणि होत असेल तर किती तास?

त्यासाठी जुना मोबाइल पुरतो. स्टँडवर लावून रात्री ८ ते सकाळी ८ टाइमलॅप्स घ्या, दर पाच मिनिटांनी एक फ्रेम, आणि काचेच्या कडेला एक घड्याळ फ्रेममध्ये येईल असं ठेवा. सलग तीन रात्री घ्या. एकाच रात्रीत चूक सापडेल असं नाही. दिवा किती प्रखर आहे हे या चित्रणावरून ठरवू नका, कारण मोबाइल अंधारात चित्र आपणहून उजळ करतो. बघायच्या त्या फक्त वेळा: मेन लाइट कधी गेला, निळा कधी लागला, कधी विझला, मध्येच काही पेटलं का. हॉलमध्ये टाकी असेल तर साडेबारापर्यंत चालणारा टीव्ही आणि पाणी प्यायला उठलेल्या माणसाने लावलेली ट्यूबलाइटही यात पकडली जाऊ शकते.

मासेही सांगतात, बघायची सवय हवी. येलो टँग हा पिवळा मासा झोपला की अंगावर मळकट तपकिरी डाग आणि त्यातून जाणारा पांढरा आडवा पट्टा दिसतो. फॉक्सफेस माशाचा पिवळा रंग जाऊन अंग चट्ट्यापट्ट्यांचं होतं. हॅलिकोएरस जातीचे रास मासे वाळूत शिरतात. झोआ मिटतात. मध्यरात्री टँग दिवसाच्याच पिवळ्याधमक रंगात फिरत असेल आणि झोआंच्या झालरी अजून पसरलेल्या असतील, तर त्यांच्या लेखी रात्र झालेलीच नाही.

दिवा मंद म्हणजे किती मंद

बहुतेक टाक्यांचं दुखणं इथेच असतं, म्हणून जरा तपशिलात.

आभाळ स्वच्छ आणि चंद्र डोक्यावर असताना पौर्णिमेचं चांदणं साधारण ०.१ ते ०.३ लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतं. आता बाजारातला एक वॉटचा रॉयल ब्लू एलईडी घ्या. पूर्ण करंटवर, म्हणजे ३५० मिलिअँपिअरवर, अर्ध्या मीटरवरून तो ढोबळ हिशेबाने ३० लक्सच्या आसपास प्रकाश टाकतो. एकच एलईडी, आणि पौर्णिमेच्या शंभरपट. असे चार-सहा एलईडी 'मूनलाइट' म्हणून हूडमध्ये (टाकीवरच्या झाकणात) लावून रात्रभर ठेवले तर तो दुसरा दिवसच झाला.

मोबाइलवरच्या लक्समीटर अ‍ॅपवर इथे विसंबू नका. एक तर इतक्या कमी प्रकाशात ते शून्य दाखवतं. दुसरं म्हणजे लक्स हे माप माणसाच्या दिवसाच्या नजरेप्रमाणे बेतलेलं आहे. त्यात ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याच्या जेमतेम ४ टक्के वजन मिळतं. म्हणजे आकडा लहान दिसतो आणि ऊर्जा मात्र भरपूर असते. प्रवाळांमधलं सूक्ष्म शैवाल नेमका हाच निळा शोषतं.

रंगागणिक वेगळे चॅनल असलेले महागडे दिवे वापरणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. निळा चॅनल १ टक्क्यावर ठेवला की काम झालं असं वाटतं. पूर्ण ताकदीवर तो चॅनल २०० पार (पीएआर, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) देत असेल तर १ टक्का म्हणजे २ पार. पौर्णिमेचं चांदणं पारमध्ये मोजलं तर सुमारे ०.००५ भरतं. फरक चारशेपटींचा आहे. सायनोबॅक्टेरियाला (चिकट थर धरणाऱ्या, शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंना) फार कमी प्रकाशही चालतो, त्यामुळे रात्रभराचे २ पार त्याच्या पथ्यावर पडू शकतात. उलट बाजूही तितकीच खरी: दिवा खरोखर चांदण्याएवढा मंद असेल तर शेवाळाचं खापर त्याच्यावर फोडू नका. मग नायट्रेट, फॉस्फेट आणि मेन लाइटचे तास बघा.

घरच्या घरी करायची चाचणी वर्तमानपत्राची. खोलीत पूर्ण अंधार करून फक्त मूनलाइट चालू ठेवा. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. ही दहा मिनिटं कोणी देत नाही आणि मग निकाल चुकतो. मग वर्तमानपत्र पाण्याच्या पातळीला, दिव्याखाली आडवं धरा. मथळे कसेबसे लागले आणि बातमीचा मजकूर लागला नाही तर ठीक. मजकूर वाचता आला तर दिवा जास्त आहे.

तीन फुटी टाकीला (९० × ४५ × ४५ सेंमी) पुरेसा होईल असा दिवा बनवायला फार काही लागत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सगळे भाग मिळतात:

- ५ मिमीचे तीन निळे किंवा पांढरे एलईडी, एका ओळीत सिरीजमध्ये, २५ ते ३० सेंमी अंतरावर
- १२ व्होल्टचा ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर
- ४.७ किलो-ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये ५० किलो-ओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर)

इतक्या कमी करंटला निळा एलईडी साधारण २.६ व्होल्ट घेतो. तिघांचे ७.८ गेले की उरतात ४.२ व्होल्ट. एकूण १० किलो-ओहम असतील तर करंट ०.४ मिलिअँपिअर येतो, आणि तेवढ्यात अर्ध्या मीटरवर चांदण्याच्या जवळपास प्रकाश पडतो. प्रीसेट फिरवून साधारण ०.८ पासून ०.०८ मिलिअँपिअरपर्यंत खाली नेता येतं. नेटवर सापडणाऱ्या आकृत्यांत याच जोडणीला १२० ओहमचा रेझिस्टर दिलेला असतो. तो एलईडी पूर्ण २० मिलिअँपिअरवर चालवण्यासाठी आहे, आपल्या कामाचा नाही.

५ मिमीच्या एलईडीचा झोत अरुंद असतो, त्यामुळे वाळूवर तीन गोल ठिपके पडतात आणि बाकी टाकी काळोखात राहते. एलईडीचा घुमट ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधी करा, प्रकाश पसरतो.

निळाच हवा असा काही नियम नाही. चांदणं म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश, त्याचा रंग ४१०० केल्विनच्या आसपास. तो निळसर वाटतो कारण अंधुक उजेडात आपली नजर निळ्याकडे झुकते. झोआ आणि लेदर हे मऊ प्रवाळ निळ्यात चमकतात म्हणून निळा आवडत असेल तर खुशाल लावा, पण ती चमक दिसेल इतका निळा असेल तर तो तास दिवसाच्या हिशेबात धरा, रात्रीच्या नाही.

टायमर का चुकतो

पावसाळ्यात या तक्रारी वाढतात, कारण वीज जाते.

पिनांचा गोल टायमर (९६ पिना, प्रत्येकी १५ मिनिटं) विजेच्या ५० हर्ट्झवर चालणाऱ्या मोटरने फिरतो. वीज गेली की चकती थांबते. वीस-वीस मिनिटं चार दिवस गेली की टायमर ८० मिनिटं मागे. दहाला विझणारा मेन लाइट ११.२० ला विझतो, अकराला जाणारा निळा १२.२० ला. याहून वाईट अवस्था म्हणजे एक टायमर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आणि दुसरा साध्या सॉकेटवर. मग दोघे वेगवेगळ्या वेगाने मागे पडतात, मेन लाइट आणि मूनलाइटच्या वेळा एकमेकांवर चढतात किंवा मध्ये अचानक काळोखाची फट पडते. पिनांचाच टायमर वापरायचा तर दोन्ही एकाच लाइनवर घ्या आणि दर रविवारी मोबाइलशी वेळ जुळवा.

डिजिटल टायमरमध्ये आत छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. दोन-तीन वर्षांनी ती दम तोडते, आणि मग वीज गेली की घड्याळ १२.०० वर येतं आणि प्रोग्रॅमही पुसला जातो. बॅटरी गेली का हे बघायला टायमर सॉकेटमधून काढून दोन तास टेबलावर ठेवा. स्क्रीन कोरी झाली तर गेली. बॅटरी ठीक असूनही दिवा भलत्या वेळी लागत असेल तर तीन जागा बघा. एएम-पीएम उलटं झालंय का. ऑफच्या वेळेला वारांच्या गटात सोमवार ते शुक्रवारच निवडलंय का, म्हणजे शनिवार-रविवारी दिवा विझतच नाही. आणि मोड: मॅन्युअल बटण दाबल्यावर ऑन, ऑटो, ऑफ असा क्रम फिरतो, आणि अनेक टायमरमध्ये ऑनवरून ऑटोवर आलात तर पुढची ऑफची वेळ येईपर्यंत दिवा चालूच राहतो. ऑफवरून ऑटोवर या.

वायफाय प्लगची गोष्ट वेगळी. त्याला वेळ इंटरनेटवरून मिळते. रात्री दोनला वीज आली, राउटर उठायला दोन-तीन मिनिटं लागली, तेवढ्यात प्लगला वेळ माहीत नसते आणि तो ठरवून दिलेल्या स्थितीत जातो. ही स्थिती अ‍ॅपमध्ये 'पॉवर-ऑन स्टेट' किंवा 'रिले स्टेटस' अशा नावाने असते. ती 'ऑन' असेल तर गाढ झोपलेल्या टाकीवर रात्री दोनला मेन लाइट धाडकन पेटतो, आणि फायरफिश, रास, अँथिआस अशाच वेळी उड्या मारतात. मेन लाइटच्या प्लगवर ती 'ऑफ' ठेवा. 'शेवटची स्थिती' हा पर्याय सोयीचा वाटतो, पण रात्री नऊला गेलेली वीज एकला आली तर तो मेन लाइटच लावतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की यातला बराच त्रास मिटतो. दिवे अडीच तासांनीच मागेपुढे असतील तर अ‍ॅपमधला टाइम झोन बघा: चीनची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे, आणि काही प्लग तिथल्याच वेळेवर येतात.

स्वतः अर्दुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर) कंट्रोलर बनवला असेल आणि त्यात वेळ फक्त सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांवर मोजली असेल तर वीज गेली की त्याचा दिवस शून्यापासून सुरू होतो. डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल लावा, ते वर्षाला मिनिटभरच इकडेतिकडे होतं. डीएस१३०७ तापमानानुसार बरंच वाहवतं आणि हूडखालची जागा गरमच असते. डीएस३२३१ च्या झेडएस-०४२ या स्वस्त मॉड्यूलमध्ये एक खोड आहे: ५ व्होल्टवर चालवलं की ते नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलला चार्ज करायला बघतं, आणि तो सेल रिचार्जेबल नसतो. सेल फुगतो. बोर्डावरचा डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका किंवा एलआयआर२०३२ हा रिचार्जेबल सेल घाला.

वेळापत्रक काय ठेवायचं ते घरावर आहे. हॉल बारापर्यंत जागा असेल तर मेन लाइट दुपारी १ ते रात्री १० ठेवा, मूनलाइट ९.३० ते ११.३०, नंतर सकाळपर्यंत काही नाही. मूनलाइट मेन लाइट विझण्याच्या अर्धा तास आधीच लागलेला असला की मेन लाइट विझताना क्षणभरही गडद काळोख होत नाही आणि माशांना दगडात शिरायला वेळ मिळतो. पूर्ण अंधाराचे सहा तास तरी मिळालेच पाहिजेत, आठ मिळाले तर उत्तम. उड्यांसाठी वर ६ मिमीची जाळी हवीच. दिवा कितीही हळू विझवला तरी जाळीशिवाय फायरफिश ठेवू नये.

चंद्राच्या कलांप्रमाणे दिवा कमी-जास्त करायची हौस असेल तर दिनदर्शिका हाताशी ठेवा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणूनच संकष्टीच्या चंद्रोदयाला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. ग्रेट बॅरियर रीफवरचं प्रवाळांचं सामूहिक प्रजनन बहुधा पौर्णिमेनंतरच्या चौथ्या-पाचव्या रात्रीच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या संकष्टीच्या सुमाराला. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामधल्या काळोखातून प्रवाळांना इशारा मिळतो, असं तैवानमधल्या अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं. तेव्हा कलांची नक्कल करायची तर पौर्णिमेनंतर दिवा उशिरा लावा आणि अमावास्येला लावूच नका. रोज एकाच वेळी लावून फक्त तेज बदलण्याला अर्थ नाही. अर्थात भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे घरच्या टाकीत हा हौसेचाच भाग.

बंद केला तरी दिवा मिणमिणतो

बटण बंद, तरी एलईडीची पट्टी अगदी मंद पेटलेली. हे अंधारातच दिसतं, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. कारणं दोन. एक, बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय; बटण बंद असताना टेस्टर पट्टीच्या वायरला लावला की टेस्टरचा दिवा लागतो. इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घ्या. दोन, बटणाला लाल इंडिकेटर आहे आणि त्यातून किंचित करंट झिरपतो. इंडिकेटर काढून टाका किंवा दिवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर घ्या.

लुकलुकणं वेगळं. मंद केल्यावरच लुकलुकत असेल तर ड्रायव्हर त्याच्या खालच्या मर्यादेखाली गेला आहे. अनेक ड्रायव्हर १० टक्क्यांखाली स्थिर राहत नाहीत. टक्के कमी करण्याऐवजी एलईडी कमी करा. १२ व्होल्ट ५ अँपिअरच्या मोठ्या अडॅप्टरला अर्धा मिलिअँपिअरचा दिवा जोडला तरी काही अडॅप्टर टिकटिकत राहतात, म्हणून वर लहान अडॅप्टर लिहिला आहे.

मीठ

दोन-चार महिन्यांनी दिवा आपोआप मंद होत गेला, एक टोक विझलं, किंवा हलवला की लागतो, तर जोड उघडून बघा. तांब्यावर हिरवी पूड दिसेल. ही पूड झटकू नका, टाकीत पडू देऊ नका: तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना मारक आहे. दिवा उचलून बाहेर न्या, जोड कापा, नवी वायर घ्या. डाग दिल्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक चढवा आणि वर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं नेहमीचं काचेचं सिलिकॉन तांबं खातं, ते विजेच्या जोडाला नको. आयपी६५ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित) पट्टी मापाने कापली की कापलेलं टोक उघडंच राहतं आणि खारं पाणी तिथून आत चढतं, त्या टोकालाही हेच सील.

वायरला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा. हूडच्या आतला मिठाचा थर आठवड्यातून एकदा आरओच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, अर्थात प्लग काढून.

उरलेल्या किरकोळ गोष्टी

संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) रेफ्युजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) असेल आणि त्याचा दिवा रात्री चालत असेल (पीएच रात्री घसरतो त्याला आधार म्हणून हे करतात आणि ते योग्यच आहे), तर त्याचा उजेड कॅबिनेटच्या फटींतून आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी खाली संपमध्ये नेणाऱ्या) पाइपातून वर येतो. खोलीत अंधार करून ओव्हरफ्लोच्या जाळीत डोकावा. काळी पीव्हीसी शीट आणि दाराच्या कडेला फेल्टची पट्टी एवढं बास.

डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) किंवा सायनोबॅक्टेरिया घालवण्यासाठी तीन दिवसांचा ब्लॅकआउट करताना मूनलाइटही बंद, हे बरेच जण विसरतात.

रात्री लपून बसलेले मँटिस (कोळंबीसारखा शिकारी प्राणी) किंवा ब्रिसल वर्म (काटेरी केसांचे किडे) शोधायचे तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर गुंडाळा. बहुतेक रीफच्या प्राण्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. शोधून झालं की टॉर्च बंद. लाल दिवा रात्रभर ठेवायची चीज नाही.

नवा मासा सोडलेल्या पहिल्या दोन-तीन रात्री मात्र मंद दिवा सकाळपर्यंत राहू द्या. अनोळखी दगडांत काळोखात घाबरून आपटण्यापेक्षा त्याला कडा दिसलेल्या बऱ्या. चौथ्या रात्रीपासून दिवा नेहमीच्या वेळेला बंद.